भुशाखालचा बर्फ

"बाबा, तो बर्फ मुंबईला पोचतो का?"

दर्ग्याच्या ओट्यावर म्हातारा सुतळीच्या गाठी सोडवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी काहीतरी विचारतोय."

"ऐकलं. बस."

दिगू बसला नाही. बंदरापासून इथवरचा चढ तो जवळजवळ पळतच आला होता. भावासाठी डोक्यावरचे केस उतरवलेले, ते आता कुठं खुंटासारखे उगवू लागले होते आणि त्यातून घाम ओघळत होता. हातात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. पुठ्ठा सुटलेला, पानांना माशाचा वास.

हाच प्रश्न त्यानं भाऊ गेल्यापासून भेटेल त्याला विचारला होता. तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि मग सांगितलं, की हा आमच्या अभ्यासक्रमात नाही. वाचनालयातल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून मान हलवली. चुलतभावाच्या फोनमध्ये दोन ओळी निघाल्या. त्यात बर्फाचं नावही नव्हतं.

राहिला होता हा म्हातारा. पुस्तक मुळात त्याचंच.

त्याचं नाव अब्दुल्ला परकार. उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेलं. इंग्रजी तिथंच शिकला आणि वाचायचं वेडही तिथंच लागलं. बायको गेल्यावर टेकडीवरच्या दर्ग्यात येऊन राहिला. झाडलोट करायचा, येईल त्याला पाणी द्यायचा आणि बोलायचा फार थोडं. खाली बंदरात हिंदू काय, मुसलमान काय, सगळे त्याला खलाशीबाबा म्हणत.

दिगूचा थोरला भाऊ हरेश्वर शाळेत असल्यापासून त्याच्याकडे यायचा. इंग्रजी तो याच ओट्यावर शिकला. दिगूनं सातवीत मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून शाळा सोडली, तेव्हा हरेश्वरनं त्यालाही एकदा हाताला धरून इथं आणलं होतं. दिगू पाणी पिऊन पळाला होता.

"तुमच्याकडूनच नेलं होतं त्यानं," दिगूनं पुस्तक ओट्यावर आदळलं. "शेवट काय आहे तेवढं सांगा. परत तोंड नाही दाखवायचा."

म्हाताऱ्यानं सुतळी बाजूला ठेवली. पुस्तक उचललं. सुटलेला पुठ्ठा सरळ केला, लुंगीच्या टोकानं धूळ पुसली आणि मांडीवर घेतलं. उघडलं मात्र नाही.

"कुठवर आला होता हरेश्वर?"

...

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या वाळूवर ओढून ठेवतात आणि सगळी माणसं सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून फाटकी जाळी शिवतात. हरेश्वर त्याच सोसायटीत कारकून होता. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्यानं तिथं बसून गोष्ट सांगायला घेतली आणि मग ती सवयच पडली.

समोर इंग्रजी पुस्तक, ओळीवर बोट आणि तोंडातून बंदरावरचं मराठी. जन्मात पुस्तक हातात न धरलेली माणसं जाळ्याची सुई बोटांत अडकवून तोंडाकडे बघत राहायची. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तो थांबायचा. ओसरला की थांबला तिथूनच पुढं.

रोज सुरू करण्याआधी तो एक प्रश्न विचारायचा. काल कुठं होतो आपण? कुणीतरी सांगितल्याशिवाय ओळीवर बोट ठेवायचा नाही.

आणि शेडनं आपल्यापुरता एक नेम करून टाकला होता. बंदीत सुरू झालेली गोष्ट नारळीपौर्णिमेच्या आत संपली पाहिजे. मगच होड्या पाण्यात. भिवा तांडेल, म्हणजे बंदरावरच्या सगळ्यांत मोठ्या होडीचा म्होरक्या, याबाबतीत फार कडक होता. तो म्हणायचा, गोष्टीत अडकलेला माणूस जाळ्याकडे बघत नाही, मला तसला होडीवर नको.

यंदाची गोष्ट होती 'भुसा'.

लिहिणारा अमेरिकेतला. दीडशे वर्षांपूर्वीचा. जोसाया टर्नले त्याचं नाव, पण शेडमध्ये पहिल्या आठवड्यातच त्याचा टर्नलेबाबा झाला.

त्या गोष्टीत एक जहाज होतं. एका गोठलेल्या तळ्यातून करवतीनं कापलेला बर्फ त्याच्या पोटात भरला होता, वर लाकडाचा भुसा दाबला होता, आणि ते निघालं होतं मुंबईला. वाट कित्येक महिन्यांची. जहाजावर टोबायस नावाचा एक म्हातारा सुतार होता. भुसा कोरडा ठेवायचा आणि वितळलेलं पाणी उपसत राहायचं, एवढंच त्याचं काम. खलाशी त्याला पाणक्या म्हणून चिडवायचे. ऊन तापायला लागलं, पाणी वाढलं, तेव्हा कप्तान म्हणाला, हा बर्फ द्या समुद्रात टाकून आणि जहाज हलकं करा. त्या दिवशी टोबायस बर्फाच्या खणाच्या झाकणावर जाऊन आडवा झाला तो हटलाच नाही. त्याला उचलून फेकायची कुणाची छाती झाली नाही.

या टोबायसवरून शेडमध्ये भांडणं झाली होती. दिगू बर्फाच्या कारखान्यात लाद्या काढायचा. त्यानं छातीठोक सांगून टाकलं, की भुसा ओला झाला की संपलं, हा टर्नलेबाबा आपल्याच धंद्यातला दिसतो. हरेश्वर त्यावर कितीतरी वेळ हसत होता. मासे विकणारी आवडाबाय म्हणायची, हा सुतार काही जगत नाही, असल्यांना कोण जगू देतंय. हरेश्वरचा दोस्त नथू यानं कप्तानाची बाजू घेतली, तर आवडाबायनं त्याला चहाच द्यायचा बंद केला.

"मुंबईचा दिवा दिसला," दिगू म्हणाला. "कप्तान म्हणाला, झाकण उघडा, काय उरलंय बघू. टोबायसनं झाकणावर हात ठेवला."

"मग?"

"दादानं पुस्तक मिटलं. म्हणाला, उद्या."

म्हातारा वाट बघत राहिला.

"उद्या त्याला ताप आला."

...

साधा ताप समजून हरेश्वर तसाच सोसायटीत जाऊन बसला होता. घोटाभर पाण्यातून रोजचं येणंजाणं, पायाला जखम. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे पिवळे पडले होते. तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी निघाली, ती वाटेतूनच परत फिरली.

त्यानंतर शेडमध्ये कुणी गोष्टीचं नाव काढलं नाही. पण तेराव्यानंतर दिगू तिथं जायला लागला, आणि तो दिसला की सुया थांबायच्या. माणसं त्याच्याकडे बघायची आणि लगेच जाळ्यात मान घालायची. होड्यांना रंग देऊन झाला होता. पौर्णिमा तोंडावर आली होती. भिवा तांडेल रोज समुद्राकडे बघून घरी जायचा.

शेवटी नथू बोलला. चांगल्या मनानंच बोलला. म्हणाला, दिगू, पोचला म्हणून सांग आणि सगळ्यांना मोकळं कर. गोष्टच तर आहे.

दिगूनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली होती. ओठ फुटला. त्यातलं रक्त नव्या जाळ्यावर पडलं.

"दादाचं एवढं एकच काम राहिलंय," तो आता म्हाताऱ्याला म्हणाला. "मी ते खोटं बोलून नाही संपवणार. तुम्ही सांगा, मी पाठ करतो, उद्या तिथं जाऊन सांगतो. बस."

"हा टर्नले कोण होता, ठाऊक आहे तुला?"

"मला टर्नले नको. शेवट पाहिजे."

"शेवट त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी मिळतो?"

दिगू खाली बसला.

...

म्हातारा सावकाश सांगू लागला. एकेका वाक्यानंतर थांबायचा.

तळ्याकाठचं गाव. हिवाळ्यात तळं गोठायचं आणि सारं गाव त्यावर चालत जाऊन बर्फ कापायचं. टर्नलेचा बाप तेच करायचा, टर्नले तेच करायला लागला. घोडा पुढं, मागं करवत.

त्याचा एक भाऊ होता. धाकटा.

"किती धाकटा?"

"करवत धरता येण्याइतका."

एका सकाळी पोरगं बर्फाच्या पातळ जागी गेलं. खालचं पाणी काळं होतं. वसंतापर्यंत कुणाला काही करता आलं नाही, आणि वसंतात तळं मोकळं झालं तेव्हाही काही मिळालं नाही.

खाली बंदरात कुणीतरी होडीला ठोकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"काम थांबलं नाही," तो म्हणाला. "त्याच तळ्याचा बर्फ कापून झाला, जहाजांत भरला, निघाला. तेव्हा हा पण जहाजावर चढला. त्या तळ्याचा बर्फ जातो कुठं ते बघायला."

"मुंबईला आला?"

"आला."

"आणि बर्फ?"

...

"त्याच्या जहाजातल्या बर्फाचं त्यानं कुठं लिहिलेलं नाही."

परत गेल्यावर टर्नलेनं बर्फाचं काम सोडलं नाही. रिकाम्या वेळात लिहायला लागला. सगळी मिळून तीन पुस्तकं. पहिल्यात एका हिवाळ्यात तळं गोठतच नाही, आणि गाव हातात करवती घेऊन काठावर बसून राहतं. दुसरं हे. तिसऱ्यात एक राखणदार आहे. बर्फाचं कोठार कधीचं रिकामं झालंय, मालक गाव सोडून गेलाय, तरी हा रोज कुलूप बघून येतो. हरेश्वरनं तिघांना मराठी नावं देऊन ठेवली होती. 'न गोठलेलं तळं', 'भुसा', 'रिकामं कोठार'. एकेक करून तिन्ही शेडमध्ये वाचायची त्याच्या मनात होती.

टर्नले जिवंत होता तोवर ती कुणी घेतली नाहीत. छापणाऱ्यानं त्याला लिहिलं होतं म्हणे, की यात प्रेम नाही, लढाई नाही, नुसतं थंड आहे. तो गेला त्यानंतर किती वर्षांनी कुणाच्या हाताला लागली, आणि मग लोक वाचायला लागले. खलाशीबाबाबरोबर जहाजावर एक इंजिनिअर होता, त्याच भागातला. त्यानं हे सगळं सांगितलं आणि उतरताना तिन्ही पुस्तकं देऊन गेला, हे त्यातलंच.

"त्याच्या तिन्ही पुस्तकांत भाऊ कुठंच नाही," म्हातारा म्हणाला. "मी शोधला. हरेश्वरनं पण शोधला."

"का नाही?"

म्हाताऱ्यानं सुटलेला पुठ्ठा पुन्हा सरळ केला.

"मग आहे काय?"

"बर्फ आहे."

दिगूनं गुडघ्यांत डोकं घातलं. मग एकाएकी वर काढलं.

"तुम्ही मला घोळवताय. शेवट सांगा."

म्हाताऱ्यानं पुस्तक त्याच्यापुढं केलं. "उघड. मागून."

दिगूला इंग्रजी अक्षर लागत नव्हतं. म्हणून इतके दिवस त्यानं ते पुस्तक नुसतं काखेत घेऊन फिरवलं होतं, उघडून बघितलं नव्हतं. आता मागचा पुठ्ठा उचलला. शिवणीला पानांच्या फाटक्या कडा तेवढ्या उरल्या होत्या. बोटानं चाचपल्या. पुढं काही नव्हतं.

"बॉयलरवरच्या एका पोरानं शेवटच्या पानांच्या विड्या वळल्या," म्हातारा म्हणाला. "माझं वाचून व्हायच्या आधी. झाकणावर हात ठेवला, तिथवरच मला ठाऊक आहे. दुसरी प्रत मला मिळाली नाही. हरेश्वर मुंबईत जाऊन शोधून आला, त्यालाही नाही."

दिगूनं त्या कडा पुन्हा चाचपल्या.

"म्हणजे दादाला माहीत होतं."

"हो."

"शेडमध्ये सुरू केलं तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"मग उद्या म्हणाला ते काय?" त्याचा आवाज फुटला. "उद्या काय वाचणार होता तो? फाटक्या कडा?"

"मीही त्याला विचारलं होतं, शेवट नसलेली गोष्ट का घेतोस."

"काय म्हणाला?"

म्हातारा पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होता.

"म्हणाला, शेड भरून माणसं ऐकतात बाबा. कुणीतरी सांगेल."

...

मग दिगू बोलायला लागला. त्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही.

बहीण गुजरातच्या बंदरात दिलेली. ती येईपर्यंत गेलेल्या हरेश्वरला बर्फावर ठेवायला हवं होतं. लादी आणायला दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायला दिगू तयार नव्हता. कारखान्यात स्वतः उतरला, हौदातली चांगली काचेसारखी लादी निवडली, हातगाडीवर घालून आणली, ओटीवर ठेवली आणि दोघातिघांच्या मदतीनं दादाला वर निजवलं. बाहेर उकाडा होता. लादीतून पाणी सुटायला लागलं. त्याला ते बघवेना. तो परत गेला, कारखान्यातून पोतंभर भुसा घेऊन आला आणि लादीच्या कडेनं, खालून, दादाच्या अंगाला लागून, मिळेल तिथं दाबून भरला. हात आपोआप चालले. बर्फ टिकवायचा म्हटलं की त्याला तेवढंच येत होतं.

कुणी त्याला थांबवलं नाही.

सकाळी आंघोळ घालायला उचललं तर भुसा पाठीला चिकटलेला. केसांत गेलेला. पाण्यानं जाईना. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, माणूस आहे की माल.

"मी बोटांनी काढत होतो," दिगू म्हणाला. "वेळ झाली म्हणून मला बाजूला केलं. कानामागं राहिला थोडा. तसाच गेला तो."

दर्ग्याच्या आत कुणीतरी उदबत्ती लावली होती. धूर दारातून येऊन विरत होता.

म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. धीर दिला नाही. माठातून तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं,

"होडी निघते तेव्हा कारखान्यातून बर्फ भरून देता तुम्ही?"

दिगूनं नाक पुसलं. "हो."

"परत येते तेव्हा तांडेलाला विचारता, बर्फ किती आणलास?"

"बर्फ कशाला परत येईल?"

"मग काय बघता?"

"मासा बघतो. कल्ला उचलून बघतो, लाल आहे का." त्यानं म्हाताऱ्याकडे चमकून बघितलं. "हे काय विचारणं झालं?"

"काही नाही. गाठी सोडवता येतात तुला? माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत आता."

दिगूनं सुतळी हातात घेतली. दोघं बसून राहिले. सगळ्या गाठी सुटल्या तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं.

"उद्या मला खाली ने," म्हातारा म्हणाला. "शेडमध्ये."

"मी काय सांगू त्यांना?"

"हात धरून ने. तो दगडांचा उतार माझ्यानं होत नाही."

...

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची आदली दुपार. शेड भरलं होतं. जाळी शिवून, घड्या घालून भिंतीशी रचली होती, त्यामुळं माणसांच्या हातांना काही काम नव्हतं आणि सगळे अवघडून बसले होते. दिगूनं खलाशीबाबाला हात धरून आत आणलं तशी कुजबुज झाली. म्हातारा टेकडी उतरून खाली आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आवडाबायनं आपल्या बसायचा पाट त्याला दिला.

दिगू परत बाहेर गेला. कारखान्यातून हंगामाची पहिली लादी त्यानं हातगाडीवर घालून आणली होती, वर गोणपाट टाकलेलं. गाडी दाराच्या उंबऱ्याला अडली. तो एकटाच जोर लावत राहिला. तेव्हा नथू उठला, मागच्या चाकाला हात दिला. त्याचा ओठ अजून सुजलेला होता. दोघांनी मिळून लादी शेडच्या मध्यावर उतरवली.

"पोचला का रे?" नथू हळूच म्हणाला.

दिगू सरळ हरेश्वर बसायचा त्या लाकडी खोक्यावर जाऊन बसला आणि पुस्तक मांडीवर उघडलं.

"उलटं धरलंयस," नथू म्हणाला.

दिगूनं ते सुलट केलं. कुणी हसलं नाही.

मग तो नुसताच बसला. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. पुढच्या रांगेतल्या माणसांना वाटलं, आता हा पुस्तक फेकून निघून जाणार. तसा तो जायचाच.

"काल..." दिगू म्हणाला. "काल कुठं होतो आपण?"

भिवा तांडेलानं डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"झाकण उघडायचं होतं, बाबू," आवडाबाय म्हणाली.

दिगूनं मान डोलावली.

"पुढची पानं नाहीत," तो म्हणाला. "आधीपासूनच नव्हती. दादाला ठाऊक होतं. बाबालाही शेवट ठाऊक नाही. मी लई जणांना विचारलं. कुणी सांगितलं नाही."

कुणीतरी उसासा टाकला. भिवा तांडेल बाबाकडे बघत होता. बाबा जमिनीकडे.

दिगू पुस्तक खोक्यावर ठेवून उठला. लादीजवळ गुडघे टेकले. गोणपाट बाजूला केलं. खाली भुशाचा जाड थर होता, कोरडा, त्यानं स्वतः सकाळी दाबलेला. कारखान्यात लादी उघडायची म्हणजे फावड्यानं भुसा ओढतात किंवा बादलीभर पाणी मारतात. त्यानं तसं केलं नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी तो भुसा काढायला लागला. हळू. एका कडेपासून. कोपऱ्यात अडकलेला नखानं काढला, चिकटलेला फुंकरीनं उडवला. जरासाही राहू दिला नाही. वेळ किती लागतोय याची त्याला पर्वा नव्हती, आणि त्या दिवशी कुणी त्याला वेळ झाली म्हणालं नाही.

बर्फ उघडा पडला. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं ते त्यात शिरलं.

कडा झिजल्या होत्या. पाणी सुटून जमिनीवर रेघ धावत होती.

"बघा," दिगू म्हणाला. "काय उरलंय."

पहिल्यांदा नथू पुढं आला. त्यानं हात ठेवला, मग तोच गार हात सुजल्या ओठाला लावला. भिवा तांडेल आला. पाठोपाठ एकेक जण उठत गेला. होडीवर जन्म काढलेल्या माणसांनी बर्फ काय कमी हाताळला होता, पण त्या दिवशी ते नवख्यासारखे हात ठेवत होते आणि तिथंच ठेवून उभे राहत होते. आवडाबायनं दोन्ही तळवे टेकले आणि तशीच खाली बसली. हरेश्वरचं नाव तिनं घेतलं नाही. नुसते खांदे हलत होते.

पोचला का, असं पुन्हा कुणी विचारलं नाही.

शेवटी दिगूनं बाबाला हाताला धरून आणलं आणि त्याचा हात बर्फावर ठेवला. म्हातारा किती वेळ तसाच उभा होता. बोटांखालून पाणी वाहत होतं.

दिगू खोक्यावर जाऊन बसला. पुस्तक मांडीवर घेतलं, मागून उघडलं, आणि फाटक्या कडेवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्यानं हात काढला नाही.

"हं," तो म्हणाला. "आता पुढं वाच."